अंधारात बियाणं कोण निवडतं

आक्का, परवा सकाळी पुण्याची गाडी धरायची आहे, आणि काचा सोबत न्यायच्या की नाही हे माझं अजून ठरत नाही. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं आपापल्या गावी गेली. पेडगावच्या आपल्या घरात, तुझ्या जात्याशेजारी बसून मी हे लिहायलोय. समोर लाकडी डबा आहे आणि त्यात सात काचा. तू त्यातली एकच पाहिलीस, तीही सूर्याकडं धरून. त्या एका काचेवरून आपलं जे भांडण झालं ते अर्ध्यावरच राहिलं.

लोक म्हणतात, नामदेव, बहिणीवर चार शब्द लिही, तू शिकलेला आहेस. गोदावरी कधी जन्मली, कोणत्या साली कुंकू पुसून माहेरी आली, आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनं कसं वाढवलं, ते सगळं गावाला पाठ आहे. गावाला जे ठाऊक नाही ते मी लिहितो. तेवढं लिहिल्याशिवाय माझ्यानं गाडीत पाय ठेववणार नाही.

मला काचा कशाला हव्या होत्या, ते तुला मी कधी खरं सांगितलं नाही. मला अंधार हवा होता.

पुण्याच्या शेतकी परिषदेत निबंध वाचायला माझं नाव आलं तेव्हा फार्मवर सगळ्यांनी पाठ थोपटली. परभणीच्या सरकारी फार्मवरच्या असिस्टंटला असं बोलावणं कुठं येतं? मी वरून हसलो आणि आतून गार पडलो. मी अलिफ-बे गिरवलेला माणूस. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, आणि हैदराबाद खालसा झाल्यावर एकाएकी सगळं इंग्रजीत. त्यातूनच बी. एस्सी. झालो. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्याचा मला गर्व आहे आणि तो मी कुणापाशी लपवत नाही. पण मराठी बोलायला गेलो की तोंडातून ‘करायलाय, जायलाय’ बाहेर पडतं, आणि इंग्रजी बोललो तरी ऐकणाऱ्याला आपलं रानच ऐकू येतं. आमच्या साहेबांनी हे ओळखलं होतं. ते म्हणाले, “नामदेवराव, स्लाइड करून घ्या. खोलीत अंधार होतो. पडद्यावर चित्र असलं की बोलणाऱ्याकडं कोणी बघत नाही.” ते माझ्या भल्याचंच बोलले.

तुला मी स्लाइड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तळहाताएवढी चौकोनी काच, तिच्यावर फोटो उतरवलेला. दिव्याच्या डब्यापुढं धरली की भिंतीवर हत्तीएवढी होते. तू अंगणात सुपात डाळ पाखडत होतीस.

“अंधार कशाला लागतो?”

“अंधाराबिगर चित्र दिसत न्हाई, आक्का.”

“आन् अंधारात बियाणं कोण निवडतं?”

“निवडायचं न्हाई. दाखवायचंय.”

“दाखवायचं तर कणीस घिऊन जा की. लोकायच्या हातात दे. दाताखाली धरू दे त्यायला. फोटू चावता येतो व्हय?”

“पुण्याची मोठी माणसं हायत ती. कणसं चावत बसतील का?”

“भाकर तर चावत असतील?”

यावर मी चिडलो. तुझ्याशी भांडताना मी नेहमी असाच हरायचो आणि नेहमी असाच चिडायचो. तू सूप झटकून आत गेलीस. दिवे लागल्यावर तू कधी धान्याला हात लावला नाहीस. उन्हाकडं पाठ करून, सूप मांडीवर घेऊन, दाणा न् दाणा उजेडात बघून निवडायचा, हा तुझा कायदा होता.

निबंध तुझ्यावरच होता, आक्का. म्हणजे आपल्या बांधाकडच्या चार तासांवर, ज्वारीच्या त्या चार ओळींवर. बाकीच्या रानात फार्मचं सुधारलेलं बियाणं पेर म्हणून मी तुझ्या मागं लागलो. तू पेरलंस, पण ती चार तासं काही सोडली नाहीस. ती आईची दगडी ज्वारी. आईचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या हातचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं, दरसाली पेरलं तरच उरणारं. पीक निसवलं, कणसं बाहेर पडली की तू रोज त्या तासांतून फिरायचीस. मार्गशीर्षातल्या कोरड्या वाऱ्यात कोणतं ताट उभं राहतं, कोणाची पानं आधी करपतात, सगळं डोळ्यात ठेवायचीस आणि मग एखाद्या कणसाखाली ताटाला लाल चिंधी बांधायचीस. चिंध्या तुझ्या लग्नातल्या लुगड्याच्या. “त्याचा आता तेवढाच उपेग,” म्हणायचीस.

चिंधीचं कणीस पुरतं पिकल्याशिवाय कोणी कापायचं नाही. पुरतं पिकलं ते कसं कळायचं? तू एक दाणा सोलून उलटा करायचीस. बुडाशी, जिथं तो कणसाला चिकटलेला असतो तिथं, काळी टिकली आली असली तरच विळा लावायचा. नाहीतर दाणा वरून कितीही टपोरा असो, थांबायचं. मी पाच-सहा वर्षांचा असताना माझ्या तळहातावर दाणा ठेवून तू ती टिकली दाखवली होतीस. मोहरीहूनही बारीक. मला ती दिसेपर्यंत तू हात सोडला नव्हतास.

निबंधात मी कणसाचा आकार लिहिला, ताटाची उंची लिहिली, दाण्याचं वजन लिहिलं. टिकली लिहिली नाही. माझ्या कोणत्याच पुस्तकात ती सापडली नाही. लेकराला लावतात तशी तीट असेल, बायकांचं काहीतरी असेल, असं मी ठरवून मोकळा झालो. आणि तुझं नावही लिहिलं नाही. ‘पेडगाव येथील एक निरक्षर शेतकरी स्त्री.’ हे माझ्या हातानं लिहिलंय.

मग संक्रांत आली. स्टेशनाजवळचे फोटोवाले हमीदभाई लेकीच्या लग्नाला हैदराबादला निघाले होते, महिनाभर येणार नव्हते. साहेबांना काळ्या मखमलीवर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो हवे होते, आणि ते रानात होण्यासारखे नव्हते. तू देवगाव फाट्याला नणंदेकडं गेलेली. मी विळा घेऊन बांधाकडं गेलो. फोटोला सात कणसं पुरली असती. पण तिथं गेल्यावर त्यातली चांगली बघून घेऊ म्हणून मी चिंधीची सव्वीसच्या सव्वीस कापली. दाण्यात अजून चीक होता. विळ्याला चिकटला. मला ते दिसलं होतं. आपल्या घरात जन्मून मला हुरड्यातलं कणीस ओळखू येऊ नये? फोटोत कच्चं काय न् पिकलं काय, सारखंच, असं म्हणून मी पोतं खांद्यावर टाकलं.

तू परत आलीस आणि तडक रानात गेलीस. तुला बांधावरून काय दिसलं असेल ते आता मी रोज बघतो. चार तासांत सव्वीस लाल चिंध्या वाऱ्यावर हलतायत आणि त्यांच्या वर काही नाही.

तू शिव्या देशील म्हणून मी तयारीत होतो. तू एकेक चिंधी सोडून आणलीस, धुतलीस, दोरीवर वाळत घातलीस. मग म्हणालीस,

“समदी?”

“त्यातली निवडायला पाहिजे होती.”

“एक बी ठिवलं न्हाईस?”

सगळं कधी काढू नये, हा तुझा दुसरा कायदा. बोरीवर चार बोरं पाखरांना ठेवायचीस, मडक्याच्या तळाशी मूठभर पीठ ठेवायचीस, आणि दरसालच्या बियाण्यातलं एक कणीस न पेरता तुळईच्या खुंटीला टांगायचीस. एखादं साल चुकलंच तर असावं म्हणून.

“तासांत काय कमी कणसं हायत का?” मी म्हणालो. “दुसऱ्या चिंध्या बांध.”

“तू बांध. बीयेशी झालायस.”

मी बांधल्या नाहीत, कारण कुठं बांधायच्या ते मला येत नव्हतं. तू पुन्हा त्या तासांत पाऊल टाकलं नाहीस. काढणीच्या दिवशी तू रानात आली नाहीस. “चिंधी न्हाई, मंग काय राखायला येऊ?” म्हणालीस. कापणारांनी सरसकट कापलं. आईची दगडी आणि माझं फार्मचं बियाणं खळ्यात एक झालं.

हमीदभाई परतले, काचा तयार झाल्या. त्यातली सातवी माझी लाडकी. सोललेले दाणे उलटे-सुलटे मांडून, भिंगानं मोठे करून काढलेले. ती मी फडक्यात गुंडाळून तुला दाखवायला आणली. महिनाभर तू माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलत होतीस. मला वाटलं, एवढी देखणी काच बघून तरी बोलशील.

बोललीस. अंगणात उभी राहून काच सूर्याकडं धरलीस, सुपातला दाणा बघतेस तशी, एक डोळा मिटून. बराच वेळ.

“टिकली कुठं हाय?”

“काळा-पांढरा फोटो असतो आक्का, त्यात सगळं दिसत न्हाई.”

“मी काळंच तर बघायलेय.”

मी फडक्याची घडी घालू लागलो.

“कागदात लिवलीस का टिकली?”

“त्याला शास्त्रात आधार न्हाई.”

“बरं.” तू काच माझ्या हातात दिलीस. “कच्ची लेकरं सोलून मांडलीस की रे. आन् आता परक्यांच्या दारात दावायला न्ह्यायलायस.”

यावर मी जे म्हणालो ते लिहितो, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. मी म्हणालो, “तुला काय कळतंय यातलं?”

तुला. माझ्या तळहातावर दाणा धरून बसणाऱ्या बाईला.

तव्यावर भाकर होती. मी काच फडक्यात बांधून निघालो. तू दारापर्यंत आलीस. “जेवून जा, नामा. भांडान माझ्याशी हाय, भाकरीशी न्हाई.” मी मागं वळलो नाही. स्टेशनापर्यंत पाय आपटत गेलो. चांगला सत्तावीस वर्षांचा घोडा.

त्या भांडणानंतर नवव्या दिवशी किसनमामा फार्मवर आले. आपल्या शेजारचे, तुझ्या शब्दाखातर कुठंही जाणारे. मी कोठीघराच्या खिडक्यांना घोंगड्या टांगून आतून कडी लावली होती. दिव्याचा डबा पेटवून, काचा एकामागून एक लावत, भाषणाची तालीम करत होतो. शिपायाला सांगून ठेवलं होतं, दार उघडलं की उजेड शिरतो, कुणालाही सोडू नको. मामा टोपी हातात घेऊन दाराबाहेर बसले. आतून त्यांना माझं इंग्रजी ऐकू येत होतं. साहेबलोकांचं काही मोठं काम चाललंय असं त्यांना वाटलं. मी सगळं भाषण तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा कुठंही अडखळलो नाही. खुशीत दार उघडलं.

“नामा, आक्काला ताप हाय. दोन दिस झालं. बोलावायलीय तुला.”

“कवा आला मामा तुमी?”

“दोन घंटं झालं असतील. तुजं चाललं व्हतं न्हवं.”

दुपारची गाडी निघून गेली होती. थोडं मालट्रकनं, थोडं बैलगाडीनं आणि उरलेलं पळत, असा दिवेलागणीला घरी पोचलो. बायका दारात बसलेल्या होत्या. त्यांनी मला वाट करून दिली, तेव्हाच कळलं.

तुझ्या उशाशी बसलेल्या मामी सांगतात, दुपारच्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा तू हातावर भार देऊन उठून बसलीस. म्हणालीस, “नामा आला.” स्टेशनावरून घरापर्यंत चालत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसून राहिलीस. मग पुन्हा आडवी झालीस.

दोन घंटे, आक्का. माझ्या मनगटाला घड्याळ होतं. अंधारात दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. समोर आलेला भात तसाच राहतो. शिट्टी झाली की मी उठून बसतो. कुणाशी भांडू? कोणाला सांगू की माझं चुकलं? मी तुला एकदाही ‘चुकलो’ म्हणालो नाही, लहानपणीसुद्धा नाही. तू कधी म्हणायला लावलं नाहीस, ही तुझी चूक. बघ, अजूनही तुझीच काढायलोय.

दहावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मला काही सुचेना म्हणून मी कामाला लागलो. मला तेवढंच येतं. फोटो झाल्यावर परत आणलेली ती कणसं कोनाड्यात तशीच होती, तू त्यांना शिवली नव्हतीस. त्यातले दाणे सोलले आणि पंचाच्या ओल्या तुकड्यात गुंडाळून ठेवले. काल सकाळी उघडले. तीन-चार दाण्यांना दोऱ्यासारखा मोड आला होता. बाकीचे बुळबुळीत, आंबूस वास मारणारे. मग कणगीतल्या ज्वारीचा एक दाणा घेऊन उंबऱ्यात बसलो, उलटा केला. टिकली होती. दुसरा, तिसरा, दहावा. सगळ्यांना होती. कोनाड्यातल्या एकालाही नव्हती. मला चार वर्षं कॉलेजात जे कुणी शिकवलं नाही ते तू मला पाचव्या वर्षी शिकवलं होतंस, आणि मी ते शास्त्र नाही म्हणून कागदाबाहेर ठेवलं.

तसाच उठून परभणीला गेलो. साहेबांना सांगितलं, मी काचा दाखवत नाही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, “दुःखात असे निर्णय घेऊ नयेत. कार्यक्रमपत्रिकेत छापून गेलंय. आणि नामदेवराव, दाणा कच्चा आहे हे तिथं ओळखणार कोण?”

खरं आहे. ओळखणारी एकच होती.

परत येताना हमीदभाई भेटले. तुझं ऐकून त्यांचे डोळे भरले. मला आणखी एक आठवलं. काचांचं काम घेताना ते म्हणाले होते, “तुमारी आपा को बी लाव ना एक दिन. उनका बी एक खींच देतूं.” मी म्हणालो होतो, वेळ नाही. सात काचा करून घेतल्या आक्का, एकीतही तू नाहीस. तुझा चेहरा कुठंच नाही. कागदावर नाव नाही, फोटोत हात नाही, आणि बियाणं मी खळ्यात कालवून टाकलं. माझ्याशिवाय तुझा पुरावा कुठं उरलाय? आणि मी असा.

आज सकाळपासून तीन वेळा ठरवलं की डबा विहिरीत टाकायचा. तीन वेळा ठरवलं की जायचंच नाही, आजारी आहे म्हणून तार करायची. प्रत्येक वेळी तू सूप झटकल्याचा आवाज ऐकू आला.

शेवटी सातवी काच घेऊन अंगणात गेलो. तू उभी होतीस तिथंच उभा राहिलो. काच सूर्याकडं धरली, एक डोळा मिटला. तालमीत भिंतीवर हत्तीएवढी करून तीन वेळा बघितली होती, तेव्हा दिसलं नव्हतं. उन्हात लगेच दिसलं. दाण्यांची बुडं कोरी आहेत. खांदे भरलेले नाहीत. कच्ची लेकरं.

मग ठरलं ते असं. दिव्याचा डबा न्यायचा नाही. सहा काचा इथंच राहतील. सातवी घेऊन जाईन, आणि कणगीतली ओंजळभर ज्वारी. खिडक्या उघड्या ठेवा म्हणेन. काच एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ दे, उजेडाकडं धरून बघू दे. दाणे देईन, उलटे करून बघा म्हणेन, वाटलं तर चावा म्हणेन. आधी तुझं नाव सांगेन, पूर्ण नाव. मग सांगेन की काचेतले दाणे मी कच्चे कापले आणि ते तिनं ओळखलं. माझ्या बोलण्याला हसतील. हसू दे. माझा चेहरा त्यांना दिसेल, तोही दिसू दे. हे धैर्य नाही, आक्का. दुसरं काही करायला आता माझ्यापाशी उरलेलं नाही, म्हणून एवढं करतो.

तुळईच्या खुंटीला गेल्या सालचं कणीस आहे. त्याला हात लावलेला नाही. हस्तात बांधाकडं पेरीन, थोडे दाणे वर ठेवून.

एक गोष्ट मघाशी तुझी पेटी उघडल्यावर दिसली. तुझ्या चोळ्यांच्या खाली सव्वीस लाल चिंध्या, धुतलेल्या, घडी घालून, सुतानं बांधलेल्या. मला वाटायचं, रागानं सोडून आणल्यास. पण टाकून द्यायच्या चिंध्या कोणी धुऊन ठेवत नाही. तू पुढच्या सालाची तयारी करत होतीस आणि मला बोलली नव्हतीस. कदाचित त्या दिवशी जेवताना बोलली असतीस.

मामींनी विचारलं, परवा वाटेसाठी भाकरी बांधून देऊ का. मी म्हणालो, बांधून नको, इथंच वाढा. जेवूनच निघणार आहे.